उमाण्याची चन्नम्मा

मुरुममध्ये तिला उमाण्याची चन्नम्मा म्हणतात. उमाणं म्हणजे कोडं. आमच्याकडं कोडी घालणारी माणसं पुष्कळ आहेत. सोडवणारी थोडी. उत्तर सापडल्यावर ते परत कोड्यात घालून, एकेक अट पुरी होते का हे चारचौघांत दाखवणारी मी एकच पाहिली.

मी तिच्या शेजारचा. तिच्याहून दहाएक वर्षांनी लहान. ती मला तम्मा म्हणते. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. मी तिला चन्नक्का म्हणतो. सोलापुरात राहून मी साहित्य घेऊन बी. ए. झालो. कवितेची ओळ मला लांबून ओळखू येते. आकडे मात्र मला ओळख देत नाहीत. म्हणून तिच्याविषयी मी लिहावं यात थोडी गंमत आहे. पण धाराशिवच्या त्या खोलीच्या दाराशी मी बसलो होतो. जे पाहिलं ते अजून माझ्या अंगावरून उतरलेलं नाही.

चन्नक्का अणदूरची. निजामाच्या राज्यात तिचं लग्न मुरुमच्या ईरण्णाशी झालं. ईरण्णाची बैलगाडी आहे. व्यापाऱ्यांची ज्वारी, करडई तो बाजाराला पोचवतो. ते लग्न मी पाहिलं नाही. पण मुरुममध्ये ते लग्न न पाहिलेला माणूससुद्धा ते सांगू शकतो.

तेव्हा दोन्हीकडच्या घरांत लग्नाला उमाणी घालायची पद्धत होती. वरपक्षानं घालायचं. वधूपक्षानं सोडवायचं. सुटेपर्यंत वऱ्हाड पंगतीला बसत नसे. लिहून बघायला बंदी. काडीनं भुईवर रेघ ओढली तरी हार. नुसतं उत्तर सांगून भागत नसे, ते उलटवून दाखवावं लागे. उलटवणं म्हणजे उत्तरापासून निघून कोड्याच्या सुरुवातीला परत येणं. आणि जो उलटवील त्याला एक हक्क मिळे. समोरच्याला एक परतीचं उमाणं घालायचा.

ईरण्णाच्या चुलत्यानं मांडवात उभं राहून उमाणं घातलं.

“आमच्या वऱ्हाडात बैलगाड्या आणि घोडे मिळून अकरा. हरेक गाडीला दोन बैल. एका गाडीत वाजंत्री, एकीत बायका. नवरदेव पांढऱ्या घोड्यावर. एक घोडा वाटंत लंगडा झाला. जनावरांचे पाय भरले साठ. तर गाड्या किती?”

वधूकडून तिचे मामा शिवलिंगप्पा पुढं झाले. अणदूरला त्यांचा शब्द मोठा. ते बोटं मोडत बसले आणि लंगड्या घोड्यापाशी अडकले. त्याचा पाय धरायचा की सोडायचा, हे ठरेना. एकदा धरला, एकदा सोडला. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, शिजून निवायला लागली. वऱ्हाडातले लोक खोकून एकमेकांकडं बघू लागले.

आतून नवरी बोलली. बाशिंग बांधलेली, मान खाली घातलेली.

“मामा, घोडा लंगडा झालाय. पाय घरी ठिवून न्हाय आला.”

मग तिनं सांगितलं ते असं. वाजंत्री, बायका, पांढरा घोडा, लंगडा घोडा, हे सगळं फोल. उरतात अकरा आणि साठ. समजा, अकराही घोडेच आहेत. पाय चव्वेचाळीस. पण आहेत साठ. म्हणजे सोळा जास्त. घोड्याच्या जागी गाडी आणली की दोन बैल येतात, चार पाय वाढतात. सोळा पाय वाढायला चार गाड्या लागतात. तर गाड्या चार, घोडे सात. आता उलट. चार गाड्यांचे बैल आठ, त्यांचे पाय बत्तीस. सात घोड्यांचे अठ्ठावीस. झाले साठ.

चुलत्यानं मान हलवली. आता तुझं परतीचं घाल, म्हणाले. नवरी म्हणाली, “हुग्गी निवायली. माझं परतीचं राहू द्या. लागंल तवा घालीन.”

वऱ्हाड जेवायला बसलं. शिवलिंगप्पा मामा मात्र पंगतीतही म्हणत होते की लंगड्याचं काही ठरलं नाही.

ईरण्णा हे सांगताना अजून छाती काढतो. हिचं परतीचं माझ्याकडं बाकी आहे, म्हणतो. म्हणून जपून राहतो.

चन्नक्का कुठल्या शाळेत गेली नव्हती. अणदूरच्या मठात स्वामींनी तिला कानडी आणि मराठी अक्षरं शिकवली. मुरुमला आल्यावर तिनं बघितलं, सरकारी शाळा उर्दूची आणि मुलांची. मुलींना तिथं कुणी धाडत नव्हतं. तिनं आपल्या ओसरीवर मुली बसवल्या. आधी शेजारच्या. मग गल्लीतल्या. मग बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्याही. निजामाच्या अंमलदारानं एकदा विचारलं, परवानगी कुणाची. ती म्हणाली, ओसरीच्या मालकाची. मालक ईरण्णा. तो गाडी घेऊन बाहेर गेला होता. अंमलदार परत आला नाही.

अक्षरं ती शिकवायचीच. पण दुपारी उमाणी असायची. तिच्या पुढ्यात एक सूप असे आणि सुपात चिंचोके. मोजायला नव्हे. तिची एक रीत होती, ती दाखवायला.

मी एकदा तिथं बसलो होतो. तिनं मुलींना विचारलं, “गौरी, कपिली आणि ढवळी अशा तीन म्हशी. ढवळीचं शिंग मोडकं. गौरी कपिलीहून दोन शेर दूध जास्त देती. कपिली ढवळीहून एक शेर जास्त. तिघींचं मिळून दहा शेर. तर ढवळी किती देती?”

मी मनात दहाला तिनानं भागलं. भागेना.

मुलींनी भागलं नाही. एकीनं सूप उचललं आणि एक चिंचोका पाखडून बाहेर टाकला. तो म्हणजे मोडकं शिंग. याला त्या पाखडणं म्हणत. दुसरी म्हणाली, धरून बघू, ढवळी एक शेर देती. मग कपिली दोन, गौरी चार. झाले सात. पाहिजेत दहा. तीन कमी पडले. म्हशी तीन. हरेकीला एकेक शेर वाढवा. ढवळी दोन, कपिली तीन, गौरी पाच. तिसरीनं उलटवलं. पाचात तिनाहून दोन जास्त. तिनात दोनाहून एक जास्त. बेरीज दहा.

चुकीचं उत्तर आधी धरायचं आणि ते किती चुकलं याच्यावरून बरोबर उत्तराकडं जायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चूक म्हणजे शेवट समजत आलो होतो. चन्नक्कासाठी ती पहिली पायरी होती.

“चुकीला भ्यायचं न्हाय, तम्मा,” ती मला म्हणाली. “किती चुकलं ते तिलाच इचारायचं.”

रझाकारांच्या वर्षी मुरुममधली पुष्कळ घरं सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेली. ईरण्णाच्या गाडीत भांडी कमी आणि शेजारच्या मुली जास्त होत्या. छावणीत तिनं एका बाभळीखाली सूप ठेवलं. वर्ग तिथंही भरला.

निजामाचं राज्य गेलं. आम्ही परत आलो. दुसऱ्या साली नव्या सरकारकडून निरोप आला. मुरुमला मुलींची सरकारी शाळा काढता येईल. चन्नम्माबाईंचा वर्ग तोच शाळा म्हणून धरू. पण बाईंनी धाराशिवला निवड परीक्षा पास व्हायला पाहिजे. नापास झाल्या तर वर्ग बंद. मुलींनी मुलांच्या शाळेत जावं.

मुलांच्या शाळेत मुली जाणार नव्हत्या. हे निरोप आणणाऱ्यालाही ठाऊक होतं. घरोघर तेच ऐकू आलं. चन्नम्माकडं धाडतो, ते ती आहे म्हणून. दुसरीकडं धाडायला आमचं डोकं फिरलेलं नाही. म्हणजे ओसरीवरच्या सगळ्या मुलींचं शिकणं एका बाईच्या एका परीक्षेवर टांगलेलं होतं.

परीक्षेत मराठी होतं. त्याची तिला भीती नव्हती. नवीन होतं ते विचारशक्तीचं. असा पेपर आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता. मी सोलापूरहून तसले नमुन्याचे प्रश्न मिळवून आणले. प्रश्न लांबलचक. त्यांत आकडे भरपूर, निम्मे बिनकामाचे. खाली पाच उत्तरं छापलेली, त्यांतलं एक निवडायचं.

तिनं वाचलं आणि हसली.

“ही तर लग्नातली उमाणी हैत. मांडव तेवढा न्हाय.”

पाच उत्तरांचा मात्र तिला राग आला. उत्तर आधीच छापलंय, मग विचारतात कशाला, म्हणाली. थोड्या वेळानं तिचा चेहरा उजळला. मग सोडवायचं कशाला, नुसतं उलटवायचं की. मधलं उत्तर धरायचं, कोड्यात घालायचं. जास्त भरलं तर त्याहून लहान बघायचं, कमी पडलं तर मोठं. ती कागदावर बोट ठेवून एकामागून एक प्रश्न पाखडत गेली. मी छापील उत्तरं ताडून बघत होतो. जुळत होती.

एका प्रश्नावर आमचं भांडण झालं.

प्रश्न साधा होता. खळ्यावर ज्वारीची रास आहे. पहिल्या भावानं निम्मी नेली. दुसऱ्यानं उरलेल्यातली निम्मी नेली. तिसऱ्यानं राहिलेली बारा पायली नेली. तर रास किती पायलीची?

असला प्रश्न मलाही सुटला. बाराची दुप्पट चोवीस, चोविसाची दुप्पट अठ्ठेचाळीस. मला आनंद झाला.

चन्नक्का म्हणाली, “एकोणपन्नास.”

मी पुन्हा करून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. पुन्हा एकोणपन्नास म्हणाली. ईरण्णा बैलांना पेंड घालत होता. मी त्याला विचारलं. तो हात न थांबवता म्हणाला, “एकोणपन्नास. देवाची कुठं गेली?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं रास मापताना पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. ती देवाची. बाजूला काढून ठेवायची, मग वाटणी. गावातल्या ज्याला ज्याला मी त्या संध्याकाळी विचारलं, त्यानं एकोणपन्नास सांगितलं. कुणालाही क्षणभर विचार करावा लागला नाही.

मी चन्नक्काला म्हणालो की प्रश्नात देव नाही.

“मंग त्या भावांनी देवाला काय दिलंच न्हाय व्हय?”

“प्रश्नात सांगितलेलं नाही, चन्नक्का.”

तिनं सूप पुढं ओढलं. मग म्हणाली की चुकलं. फोल पाखडायला मी शिकवते, आणि जे सुपात पडलंच नाही ते मीच वरून घातलं. पाखडायचं, धरून बघायचं, उलटवायचं, या तिन्हींच्या जोडीला त्या दिवसापासून तिनं मुलींना चौथी रीत सांगितली. जे सांगितलेलं नाही ते धरायचं नाही. पण सांगताना तिच्या जिवावर येई. देवाची पायली धरायची नाही, असं तोंडानं म्हणणं तिला जड जात होतं.

परीक्षेला आम्ही तिघं गेलो. ती, ईरण्णा आणि मी. मोटारगाडीनं, नळदुर्ग, तुळजापूर करत. ईरण्णा मोटारीत अवघडून बसला होता. बैल दिसत नाहीत तरी गाडी चालते यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. वर्गातल्या मुली वेशीपर्यंत आल्या होत्या. एकीनं चन्नक्काच्या हातात चिंचोका ठेवला.

सकाळी लेखी झालं. ती बाहेर आली ती हसतच. किती सुटले, मी विचारलं. सुटायचं काय, सगळे उलटवले, ती म्हणाली. दुपारी निकालासाठी एकेकीला आत बोलावत होते. दार उघडं होतं. समोरच्या बाकावर मी आणि ईरण्णा बसलो होतो.

आत दोघं होते. एक हैदराबादहून आलेल्या तपासनीस बाई, चष्मा लावलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. दुसरे महारुद्रराव म्हणून अधिकारी, भूम गावाकडचे, मोठ्या आवाजाचे. चन्नक्का समोर उभी होती. बसा म्हणाले तरी उभीच राहिली.

बाईंनी तिचा विचारशक्तीचा पेपर पुढं ठेवला. बहुतेक सगळी उत्तरं बरोबर आहेत, म्हणाल्या. ईरण्णानं माझा गुडघा दाबला. मग बाईंनी कागद उलटा करून दाखवला. प्रत्येक प्रश्नाखाली कच्च्या कामासाठी जागा सोडलेली होती. ती सगळी कोरी होती. एक आकडा नाही. एक रेघ नाही.

“कच्चं काम कुठं आहे?” बाईंनी विचारलं.

“कच्चं काय केलंच न्हाय, बाई. समदं पक्कं केलं.”

महारुद्रराव हसले नाहीत. ते म्हणाले की काम न करता उत्तर येतं, तेव्हा ते कुठून तरी आलेलं असतं. शेजारच्या कागदावरून, नाहीतर खिडकीतून. असा कागद पास करता येत नाही.

ईरण्णा उठला. मी त्याला धरून बसवलं. मला ओसरी दिसत होती. सूप दिसत होतं.

कोऱ्या जागेचं कारण मला मागाहून तिनं सांगितलं. लग्नात लिहिणं म्हणजे हार. लहानपणापासून ते अंगात मुरलेलं. पेपरात प्रश्नाखाली जागा दिसली तेव्हा तिला वाटलं, ती मोहात पाडायला मुद्दाम ठेवली आहे. बघू, कोण रेघ ओढतंय. ती जागा कोरी ठेवण्यातच तिचा मान होता. आमच्याकडच्या चांगल्या उमाणेवालीनं जे केलं असतं तेच तिनं केलं. आणि त्याच्यावरूनच तिच्यावर चोरीचा आळ आला.

तिनं आवाज चढवला नाही. डोळ्यांत पाणीही आणलं नाही.

“आमच्यात लिवणाऱ्याला हरला म्हणत्यात, साहेब. तुमच्यात लिवत न्हाय त्याला चोर म्हणत्यात हे मला ठावं नव्हतं. तुमी एक घाला. नवं घाला. म्या इथंच उभी हाय. इथं खिडकी बी न्हाय.”

खोलीला खरंच खिडकी नव्हती. बाईंनी वर बघितलं. त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. त्यांनी थोडा विचार केला. कागदावर काही न बघता त्या बोलल्या.

“एका वर्गात बाकं आहेत. बाकं सागवानी, भिंत पांढरी, बाई नवीन. एका बाकावर दोन मुली बसवल्या तर चार मुली उभ्या राहतात. तीन-तीन बसवल्या तर दोन बाकं रिकामी राहतात. बाकं किती? मुली किती?”

मी मनात दोन आकडे धरले. ते माझ्या हातून निसटले.

चन्नक्कानं डोळे मिटले नाहीत. ती खोलीतल्या मोकळ्या जागेकडं बघत होती, जणू तिथं बाकं मांडलेली आहेत.

“आमच्या पोरी भुईवर बसत्यात, बाई. पर बसवून दावते,” ती म्हणाली. “साग, भिंत आणि नवी बाई, हे फोल. आता हरेक बाकावर दोघी हैत. चौघी उभ्या. त्या चौघींना एकेका बाकावर तिसरी म्हणून बसवलं. चार बाकं भरली. आता दोन बाकं रिकामी करायची हैत. त्यांच्यावरच्या चौघींना उठवलं. त्यांना बी तिसरी म्हणून बसवलं. आणखी चार बाकं भरली. चार आणि चार आठ बाकं भरलेली. दोन रिकामी. बाकं दहा. आठ बाकांवर तीन-तीन, म्हंजी पोरी चोवीस.”

मग ती थांबली. कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं आपण होऊनच उलटवायला घेतलं.

“चोवीस पोरी, धा बाकं. दोघी-दोघी बसवल्या, ईस बसल्या, चौघी उभ्या. तिघी-तिघी बसवल्या, आठ बाकं लागली, दोन रिकामी. आलो परत दारात.”

मी आयुष्यात पुष्कळ कविता ऐकल्या आहेत. त्यांतल्या थोड्याच ऐकल्यावर असं वाटलं की आता एक शब्द कमी नाही आणि एक जास्त नाही. त्या दिवशी ते चोवीस मुली आणि दहा बाकांचं ऐकून वाटलं. तिनं समीकरण मांडलं नव्हतं. तिनं मुली उठवल्या होत्या आणि बसवल्या होत्या. एकही उभी ठेवली नव्हती.

बाईंनी चष्मा काढला. ही रीत मी कधी पाहिली नव्हती, म्हणाल्या. त्यांनी पेपर स्वतःकडं ओढला.

चन्नक्का हलली नाही. पदर सारखा करून ती म्हणाली, “आता माझं परतीचं.”

महारुद्ररावांना कळेना. तिनं सांगितलं की जो उलटवतो त्याला एक घालायचा हक्क असतो. ही आमची रीत आहे. भूमकडंही असंल. महारुद्रराव आता पहिल्यांदा हसले. त्यांच्या आजीच्या वेळेला होती म्हणाले. घाला.

ईरण्णा माझ्या कानाशी कुजबुजला, “बाकी ऱ्हायलेलं काढलं बघ. माझ्यावरचं गेलं त्येंच्यावर.”

तिनं रास घातली. तीच. पहिल्या भावानं निम्मी, दुसऱ्यानं उरल्यातली निम्मी, तिसऱ्यानं बारा पायली.

“अठ्ठेचाळीस,” बाई म्हणाल्या.

“एकोणपन्नास,” महारुद्रराव म्हणाले. त्याच दमात.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बाईंनी शांतपणे बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस करून दाखवलं. महारुद्रराव ऐकेनात. तुमचं गणित बरोबर आहे, पण रास एकोणपन्नासाचीच, असं ते ठासून म्हणाले. का, बाईंनी विचारलं. महारुद्ररावांनी सांगायला तोंड उघडलं. मग ते खुर्चीत मागं टेकले आणि पोट धरून हसू लागले. त्यांच्या ध्यानात आलं होतं.

“देवाची,” ते बाईंना म्हणाले. “पहिली पायली देवाची. आमच्या खळ्यावर ती कुणी सांगत नाही. ती असतेच.”

चन्नक्काच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं.

“साहेब, म्या बी एकोणपन्नासच म्हटलं हुतं,” ती म्हणाली. “या तम्मानं भांडून अठ्ठेचाळीस करून घेतलं. बाईंचं उत्तर खरं. जे सांगितलं न्हाय ते धरायचं न्हाय. पर आपल्या गावच्या पोरी एकोणपन्नासच सांगत्याल. त्यांना चुकली म्हणून नापास करणारी बाई नगं. ती एक पायली कुठून आली हे इचारणारी बाई पायजे. तसली इथं म्याच हाय.”

तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की त्यात फुशारकी ऐकू आली नाही. पण होती. आणि असायलाच पाहिजे होती.

तपासनीस बाईंनी पेपर परत पुढं घेतला. मग त्यांनी कागदावर सही केली आणि तो महारुद्ररावांकडं सरकवला. त्यांनी सही करता करता मान वर न करता सांगितलं की सोमवारपासून शाळा उघडा. पाटी नंतर येईल. बाकं पण येतील.

“किती?” चन्नक्कानं विचारलं.

“दहा,” बाई म्हणाल्या.

चन्नक्का बाहेर आली. ईरण्णानं नुसती तिच्या हातातली पिशवी घेतली. तो कधी पिशवी घेत नाही.

परतीच्या मोटारीत मात्र त्याला कुणी थांबवू शकलं नाही. त्यानं बाकांचं उमाणं आख्ख्या मोटारीला घातलं. एका व्यापाऱ्यानं सागवानाची किंमत विचारली. ते फोल आहे, पाखडा, असं ईरण्णानं त्याला ऐकवलं. मोटार तुळजापूर सोडून पुढं आली तेव्हा पुढच्या माणसांनी बाकं आठ धरली होती आणि मागच्यांनी बारा. आठ धरणाऱ्यांच्या किती मुली उरतात याच्यावर वाद चालला होता. चन्नक्का खिडकीबाहेर बघत होती. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, “आठ धरलीत ना? मंग आता तीच सांगत्याल किती चुकलं.” थोड्या वेळानं मागून कुणीतरी दहा म्हणून ओरडलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

अणदूरला आम्ही उतरलो. तिला खंडोबाला जायचं होतं. देवळाच्या पायरीशी शिवलिंगप्पा मामा बसले होते. आता पार म्हातारे झालेले. तिनं पाया पडून सांगितलं की पास झाले, वर्गाची सरकारी शाळा झाली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. आशीर्वाद देताहेत असं मला वाटलं.

“ते ब्येस झालं, चन्ने,” ते शेवटी म्हणाले. “पर त्या लंगड्या घोड्याचं कुणी ठरवलंच न्हाय.”

ती हसली. मामांना म्हणाली की सोमवारी मुरुमला या.

मामा खरंच आले. ईरण्णानं गाडी पाठवली होती. सोमवारी ओसरीवर पूर्वीपेक्षा जास्त मुली होत्या. चन्नम्मा राहणार, वर्ग राहणार, हे घरोघर पोचलं होतं. ज्यांनी आजवर मुली धाडल्या नव्हत्या त्यांनीही धाडल्या. मामा खांबाला टेकून बसले आणि त्यांनी मुलींना लग्नातलं जुनं उमाणं घातलं. गाड्या, घोडे, वाजंत्री, बायका. लंगड्या घोड्यापाशी आल्यावर त्यांनी आवाज मुद्दाम खाली आणला आणि मुलींकडं आशेनं बघितलं.

पहिल्याच दिवशी आलेल्या एका लहान मुलीनं सूप पुढं ओढलं. तिला अजून चिंचोके नीट धरता येत नव्हते. तिनं शेजारणीकडं बघितलं, मग चन्नक्काकडं.

मुलीनं एक चिंचोका उचलला आणि मामांच्या मांडीवर ठेवला.

“आजोबा, हा तुमचा घोडा,” ती म्हणाली. “ह्याला तुमी सांभाळा. आमी बाकीचं करतो.”